सेकंडहँड गाडी घेताय? आधी तिचं वायरिंग वाचा

जुनी गाडी बघायला आपण कधी एकटे जात नाही. सोबत एक जाणकार काका असतात. ते बॉनेट उघडतात, ऑइलची काडी ओढून बोटांत ऑइल चोळून बघतात, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरतात आणि निकाल देतात, ‘इंजिन एकदम ओके आहे, डोळे झाकून घे.’ काकांचं चुकत नाही. आजकालची साधी पेट्रोल गाडी वेळच्या वेळी ऑइल बदललेलं असेल तर लाख-दीड लाख किलोमीटर सहज पळते. पहिल्या वर्षी नवख्या मालकाला रडवतात त्या वेगळ्याच गोष्टी: सोमवारी सकाळी सेल्फ लागत नाही, पावसात एक काच खाली जाते ती वर येत नाही, एअरबॅगचा दिवा कधी लागतो, कधी नाही. आणि मेकॅनिककडे नेली की गाडी शहाण्या बाळासारखी वागते.

माझं मत स्पष्ट आहे. सात-आठ वर्षांच्या घरगुती गाडीतले बहुतेक इलेक्ट्रिकल घोळ कंपनीने दिलेले नसतात. ते आधीच्या मालकाने हौसेने बसवून घेतलेले असतात, नाहीतर पाण्याने आणि उंदराने केलेले असतात. म्हणून गाडीचं वायरिंग म्हणजे तिची डायरी समजा. ती वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही.

काय जवळ हवं

एक डिजिटल मल्टिमीटर. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत बरा मिळतो. एक टॉर्च. जमल्यास ब्लूटूथवर चालणारा छोटा ओबीडी स्कॅनर. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो खोचायचा आणि गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडांचे कोड मोबाइलवर वाचायचे. स्कॅनर नसला तरी चालेल, मल्टिमीटर मात्र हवाच.

मल्टिमीटरचा नॉब डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा. लाल काडी बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. निम्मं काम एवढ्यावरच होतं. एकच गोष्ट लक्षात ठेवा: लाल काडी अँपिअरच्या भोकात असताना दोन्ही काड्या थेट बॅटरीला कधीही लावायच्या नाहीत. तो सरळ शॉर्ट होतो. मीटरचा फ्यूज उडतो, आणि स्वस्तातल्या मीटरला फ्यूजच नसेल तर हात भाजतो.

निघण्याआधी, घरबसल्या

विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर आणि चालू इन्शुरन्स पॉलिसीचा फोटो मागवा. एम-परिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्जाचा बोजा वगैरे दिसतं. पॉलिसीत मात्र एक ओळ नीट बघा: नो क्लेम बोनस. क्लेम न घेता वर्षं जातात तसा तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढतो. आठ वर्षांच्या गाडीवर तो शून्य दिसला तर मागच्या पॉलिसीत क्लेम झालाय, किंवा मध्ये पॉलिसी तुटली होती, किंवा गाडी नुकतीच दुसऱ्याच्या नावावर झालीय, कारण हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. यातलं नेमकं काय झालं ते विचारा. उत्तर देताना माणूस अडखळला तर तेही उत्तरच.

गाडी कुठे राहिली हेही बघा. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात बुडालेल्या बहुतेक गाड्या आता रस्त्यावर नाहीत. पण २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर आणि २०२१ च्या जुलैतला चिपळूणचा पूर फार जुना नाही. एमएच-०८, ०९ किंवा १० पासिंग दिसलं म्हणून गाडी नाकारू नका, तिथल्या हजारो गाड्या उंचावर सुखरूप होत्या. आणि बुडालेली गाडी पुण्या-मुंबईच्या पासिंगचीही असू शकते. फक्त पुढे सांगतो ती पाण्याची तपासणी सोडू नका.

सकाळी, गाडी थंड असताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर हसून म्हणा, ‘उद्या परत येतो.’

गाडी बंद असताना बॅटरीचे व्होल्ट बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ चालेल, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे काहीतरी चुकतंय. मग बॅटरीवरची तारीख शोधा. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षं म्हणजे बॅटरीचं बरं आयुष्य. चार वर्षांची बॅटरी थकलेली असणं हा दोष नाही, तेवढे पैसे किमतीतून कमी करा. मला जास्त खटकते ती गेल्याच आठवड्यात बसवलेली कोरी करकरीत बॅटरी. जुनी का गेली, हे विचारा.

आता चावी ‘ऑन’वर फिरवा, सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर बॅटरी, ऑइल, चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे लागले पाहिजेत. न लागलेला दिवा लागून राहिलेल्या दिव्यापेक्षा वाईट, कारण तो कुणीतरी मुद्दाम गप्प केलेला असू शकतो. बल्ब काढतात, काळी पट्टी चिकटवतात. काही बहाद्दर एअरबॅगच्या दिव्याची वायर दुसऱ्याच दिव्याला जोडून देतात, म्हणजे दोघे एकदम लागतात आणि एकदम विझतात. एरवी प्रत्येक दिवा आपापल्या वेळेने विझतो. त्यामुळे मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि घरी येऊन सावकाश बघा.

मग काड्या बॅटरीवर धरून मित्राला सेल्फ मारायला सांगा. आकडा क्षणभर खाली येईल. दहाच्या आसपास थांबला तर छान. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकलीय, किंवा सेल्फची मोटर नको तेवढा करंट ओढतेय.

गाडी सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या मध्ये हवा. आता एसी, हेडलाइट आणि मागच्या काचेचा डीफॉगर एकदम चालू करा. आकडा थोडा उतरून साडेतेराच्या वर टिकला तर अल्टरनेटर, म्हणजे जुने लोक ज्याला डायनमो म्हणतात तो, ठीक आहे. पंधराच्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, आणि तो बॅटरीसकट महागडे कंट्रोल युनिटही खाऊ शकतो. नव्या गाड्यांपैकी काहींमध्ये पेट्रोल वाचवायला अल्टरनेटर मधूनमधून सुस्त होतो आणि आकडा पावणेतेरा दिसतो. घाबरू नका, हेडलाइट लावले की चढतो.

एसी चालू आहेच, तर बॉनेटखालचा रेडिएटरचा पंखा फिरतोय ना ते बघा. रिले म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच; तो साधा रिले बिघडला तरी पंखा बंद पडतो आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन तापून हेड गॅस्केट जातं.

अर्थ: सगळ्या भुतांचं एकच घर

गाडीत प्रत्येक वस्तूला प्लसची वायर जाते, पण परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. वायर पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, त्याला आपण अर्थ किंवा बॉडी अर्थ म्हणतो. तो बोल्ट गंजला किंवा सैल झाला की करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि मग चमत्कार सुरू होतात.

एक मी बघितलेला. मित्राच्या गाडीचं ब्रेक दाबलं की डावा इंडिकेटर मंद लुकलुकायचा. दोन ठिकाणी फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, बदलून झाला होता. आम्ही डिकीतून मागच्या दिव्याचा होल्डर बाहेर काढला. काळ्या वायरीचा टोकाचा पत्रा पिवळसर पडला होता, बोल्टाखाली रंगाचा पापुद्रा आणि गंज. सँडपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन फासलं. खर्च शून्य. ब्रेकच्या दिव्याला परतीची वाट नीट नव्हती, म्हणून तो करंट शेजारच्या इंडिकेटरमधून घरी जायचा.

म्हणून दिव्यांची तपासणी जोडीने करा. पार्किंग लाइट लावून ब्रेक, ब्रेक दाबून इंडिकेटर, मग रिव्हर्स. एकाला चालू करताना दुसरा मंदावला किंवा भलताच पेटला तर तिथला अर्थ बघा. इंडिकेटर नेहमीपेक्षा पटापट टिकटिकत असेल तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो, एवढंच.

इंजिनचा अर्थ मीटरने मोजता येतो. लाल काडी इंजिनच्या उघड्या धातूवर, काळी बॅटरीच्या मायनसवर, आणि सेल्फ मारा. आकडा ०.२ च्या आत हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर इंजिनपासून बॉडीला जाणारी जाड पट्टी किंवा बॅटरीची मायनस केबल खराब आहे. अशा गाडीला लोक नवीन सेल्फ मोटर बसवतात आणि रोग तसाच राहतो.

डॅशखाली डोकावा

ड्रायव्हरच्या बाजूला गुडघे टेकून डॅशखाली टॉर्च मारा. कंपनीचं वायरिंग काळ्या टेपमध्ये एकसारखं गुंडाळलेलं, कपलरने, म्हणजे प्लास्टिकच्या प्लगने जोडलेलं, क्लिपांनी बांधलेलं असतं. त्यातून लाल-निळ्या सुट्या वायरी लोंबत असतील, चिकटपट्टीचे जॉइंट असतील, मूळ वायर सोलून तिथे दुसरी पिळलेली असेल, तर ते बाजारकाम. टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक, फूटवेलमधले निळे दिवे, बंपरवरची एलईडी पट्टी. वस्तू वाईट नसतात, बसवणाऱ्याकडे वेळ नसतो. बाहेरून बसवलेला सीएनजी किट असेल तर बॉनेटखाली दुप्पट लक्ष द्या, कारण तो बऱ्याचदा इंजेक्टरच्या वायरी तोडून बसवलेला असतो. शिवाय त्याची नोंद आरसी बुकात आहे का, हेही.

हेडलाइटचा होल्डर बघा. साध्या एच-४ बल्बचा हिशोब ६०/५५ वॉटचा, म्हणजे एका बल्बला सुमारे पाच अँपिअर. गावाकडच्या अंधाऱ्या रस्त्यासाठी लोक शंभर वॉटचे बल्ब टाकतात, आठ अँपिअरच्या पुढे जातात, आणि वेगळा रिले टाकत नाहीत. होल्डर तपकिरी पडलेला, वितळलेला असेल तर वायरही आतून कडक झालेली समजा.

फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून रंग बघा: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. झाकणावरच्या तक्त्यात १० लिहिलंय आणि तिथे हिरवा फ्यूज बसलाय, तर कुणीतरी वारंवार उडणाऱ्या फ्यूजवर ‘उपाय’ केलाय. आता फ्यूजऐवजी वायर जळेल. मी अशी गाडी घेत नाही.

पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि कपलर एअरबॅगचे असतात, तिथे मीटरच्या काड्या घालू नका. हायब्रिड गाडीत नारिंगी जाड केबल दिसली तर तिच्यापासून चार हात लांब.

पाण्यात गेलेली गाडी

सीट धुतात, कार्पेट बदलतात, अत्तर मारतात. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून कुणी धूत नाही. बेल्ट पूर्ण बाहेर काढा, शेवटच्या हातभरात मातीची रेघ दिसते. सीट पुढे सरकवून रुळांवर आणि बोल्टांवर गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ बघा, पायाखालचं कार्पेट उचलून खालच्या फोमला हात लावा.

मग एखादा खालचा कपलर सोडवा. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की हिरवा कळंक चढतो ना, तसा कळंक पिनांवर दिसला तर गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असो. हा कळंक प्लास्टिकच्या आत वायरीवर सरकत जातो. आज सगळं चालतं, आठ महिन्यांनी एकेक बंद पडायला लागतं, आणि खारं पाणी असेल तर त्याहून आधी.

घेतल्यानंतरचा पहिला रविवार

बॅटरीचे टर्मिनल काढून साफ करा. आधी मायनस काढायचा, लावताना तो शेवटी. पांढरं-निळसर साचलेलं असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, व्हॅसलिन लावा. हाताने फिरतो इतका सैल टर्मिनल हा माझ्या मते ‘गाडी अधूनमधून बंद पडते’ या तक्रारीचा पहिला संशयित. बॅटरी काढल्यावर एका झटक्यात वर जाणारी काच तसं करायचं विसरते. पूर्ण खाली-वर करून बटण काही सेकंद दाबून धरलं की बहुतेक गाड्यांत परत शिकते. काही म्युझिक सिस्टिम कोड मागतात, तो आधीच मालकाकडून लिहून घ्या. दुसरी चावीही मागून घ्या. इमोबिलायझरची, म्हणजे चिपवाली, नवी चावी करायला बरेच हजार जातात.

स्टार्ट-स्टॉपवाली, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी गाडी असेल आणि बॅटरी बदलायची असेल तर त्याच प्रकारची, ईएफबी किंवा एजीएम जी असेल ती घ्या. साधी टाकून वाचवलेले पैसे टिकत नाहीत.

रात्री बॅटरी कोण पितं?

हे मी पैसे घालवून शिकलो. आठ वर्षांची हॅचबॅक घेतली, बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी नुसती ‘टक्’ करायची. एका दुकानदाराने बॅटरी बदलली. दीड महिन्याने पुन्हा तेच. त्याने ‘पीस खराब निघाला’ म्हणत थोडे पैसे घेऊन दुसरी दिली. तिसऱ्यांदा मात्र मी मीटर घेऊन पार्किंगमध्ये बसलो.

पद्धत अशी. लाल काडी मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, नॉब १० अँपिअर डीसीवर. चावी काढून घ्या आणि दूर ठेवा. बॉनेट उघडं ठेवा, ज्या दारातून फ्यूज बॉक्सपर्यंत पोचायचं ते उघडून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. आता मायनस टर्मिनल काढा आणि मीटर मध्ये जोडा: एक काडी केबलला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. यानंतर सेल्फ मारायचा नाही, दिवे लावायचे नाहीत, नाहीतर मीटर गेला. अर्धा-पाऊण तास थांबा. गाडीतले कंट्रोलर एकेक करून झोपतात. मी शेजारच्या कट्ट्यावर चहा पीत बसलो होतो.

झोपलेली गाडी ०.०५ अँपिअरच्या आत ओढते. माझा मीटर ०.४१ दाखवत होता. साठ तासांचे जवळजवळ पंचवीस अँपिअर-तास झाले. पस्तीसच्या बॅटरीत सेल्फपुरतं काय उरणार? मग एकेक फ्यूज उपटत गेलो. हॉर्न, वायपर, सेंट्रल लॉक, काही फरक नाही. रेडिओचा निळा १५ चा फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला.

म्युझिक सिस्टिम बाहेर ओढली. सिस्टिमला दोन प्लस लागतात: पिवळी वायर कायमची, आठवणीपुरती, लाल वायर चावी फिरवल्यावर. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून कायमच्या प्लसला जोडल्या होत्या. स्क्रीन काळी दिसायची, पण आतला संगणक रात्रभर जागा. लाल वायर चावीच्या लाइनवर नेली, काम संपलं. दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले ते गेलेच.

सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर अल्टरनेटरवर संशय घ्या, त्याची जाड वायर साध्या फ्यूजांमधून जात नाही. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला डायोड फुटला की अल्टरनेटर रात्री बॅटरी उलटी पितो. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावला आणि बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर बहुधा तोच. आणि हे सगळं करण्याआधी डिकीचा दिवा बघा. पाच वॉटचा तो बल्ब झाकणाचा स्विच बिघडल्याने बंद डिकीत जळत राहिला तर दिवसाला दहा अँपिअर-तास खातो. झाकण लावताना मोबाइल व्हिडिओवर आत ठेवून द्या.

मेकॅनिककडे जाताना

‘बॅटरीचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगू नका, तो बॅटरीच बदलेल. जे दिसलं ते सांगा: ‘बंद असताना १२.५, चालू असताना १२.७, एसी लावला की १२.२.’ एवढ्यावर चांगला इलेक्ट्रिशियन थेट अल्टरनेटरकडे जातो. स्कॅनरवर आलेला कोडही तसाच सांगा, पण कोड म्हणजे पार्ट नव्हे. एखाद्या सेन्सरचा कोड आला तर सेन्सर विकत घेण्याआधी त्याचा कपलर आणि तिथवरची वायर बघायला लावा. कमी व्होल्टेजमुळे एका वेळी पाच-सहा असंबद्ध कोडही येतात. पी०५६२, म्हणजे कमी व्होल्टेजचा कोड, सोबत असेल तर आधी बॅटरी-अल्टरनेटर, बाकीचे नंतर.

एका वेळी एकच वस्तू बदलू द्या आणि जुना पार्ट परत मागा. हॉर्नचा रिले आणि पंख्याचा रिले एकाच नंबरचे असतील तर अदलाबदल करून बघा, फुकटात निदान होतं.

उंदरांचं राहिलं. गाडी आठवडाभर उभी राहिली, विशेषतः पावसाळ्यात, की ते इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फवारे, सगळं मी करून बघितलं. थोडे दिवस बरं वाटतं. टिकला तो एकच उपाय: दोन दिवसांआड गाडी हलवणं आणि गाडीखाली मांजरांसाठी दूध-पोळी ठेवणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या आजींना जागा बदलायला राजी करणं. उरलेलं खायला रात्री उंदीर यायचे, मांजरं नव्हे.